रंकाळ्यावरची पंधरा मिनिटं: मोठ्या वयात निसर्गनोंदी शिकायच्या त्या अशा

जुलै लागला की कोल्हापुरात चहाच्या गाड्यावर पहिला प्रश्न असतो, "बंधाऱ्यावर पाणी किती?" पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचे आकडे इथं शाळकरी पोरालाही पाठ आहेत. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. आकडा ऐकला की शिवाजी पुलापलीकडचा माणूस घरातलं सामान वर चढवायचं की नाही ते ठरवतो. या आकड्याला वजन आलंय ते त्याच ठिकाणी, त्याच पट्टीवर, रोजच्या रोज वाचल्यामुळं. पाणी चढलं तरी वाचतात, उतरलं तरी वाचतात, आणि हललंच नाही तरी "स्थिर" असं लिहून ठेवतात.

नागरिक विज्ञान, किंवा हल्ली सर्रास म्हणतात तसं सिटिझन सायन्स, याचा गाभा एवढाच आहे. पदवी नको, प्रयोगशाळा नको. आपल्या परिसरातला पक्षी, झाड, फुलपाखरू यांची नोंद ठरलेल्या पद्धतीनं करायची आणि ती संशोधकांना वापरता येईल अशा ठिकाणी पोचवायची. गोष्ट सोपी आहे, पण मी पहिलं वर्ष पूर्ण वाया घालवलं. ते कसं, हे आधी सांगतो, म्हणजे पुढच्या पायऱ्या का आहेत ते कळेल.

माझ्या जुन्या वहीतली रंकाळा तलावावरची एक नोंद अशी आहे: "रंकाळा. सकाळी. खंड्या १, मस्त दिसला. घारी बऱ्याच." बस्स. किती वाजता गेलो, किती वेळ थांबलो, संध्यामठाकडच्या बाजूला होतो की शालिनी पॅलेसकडं, काहीच नाही. घारी "बऱ्याच" म्हणजे सात की सत्तर? आणि सगळ्यात मोठी चूक वहीत नसलेली आहे. त्या दिवशी पाण्यावर वारकरी पक्ष्यांचा थवा नक्की होता. काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा, म्हणून त्याला वारकरी म्हणतात, कुणी चांदवाही म्हणतात. तो नेहमीचाच, त्याला काय लिहायचं, असं म्हणून मी सोडून दिला. आता कुणी विचारलं की त्या वर्षी रंकाळ्यावर वारकरी किती होते, तर माझ्या वहीत उत्तर नाही. वर्षभर पहाटे उठून मी फक्त खंड्याची आठवण जमा केली.

जागा: जवळची आणि कंटाळवाणी

पहिली पायरी म्हणजे जागा ठरवणं, आणि इथंच बहुतेकजण चुकतात. उत्साहाच्या भरात राधानगरी-दाजीपूरला जातात. गवा दिसतो, शेकरू दिसतं, दोन महिने फोटो दाखवून होतात आणि मग विषय संपतो. अभयारण्याला जरूर जा, पण नोंदीसाठी जागा अशी निवडा की आठवड्यातून एकदा तिथं जाणं जिवावर येणार नाही. घरापासून चालत दहा मिनिटांच्या आत असली तर उत्तम. रंकाळ्याचा एक ठरलेला कोपरा, कळंब्याचा काठ, शिवाजी विद्यापीठाच्या आवारातली एखादी वाट, टेंबलाईची टेकडी, पंचगंगेचा घाट, कसबा बावड्याकडचा उसाचा बांध, यातलं काहीही चालेल. राजारामपुरीतल्या तिसऱ्या मजल्यावरची गॅलरीसुद्धा चालते. गॅलरीतून वर्षभर केलेल्या नोंदी जंगलातल्या एका सहलीपेक्षा जास्त कामाच्या असतात, हे मी अनुभवानं सांगतो.

जागा ठरली की तिची हद्दही ठरवा. "रंकाळा" ही जागा फार मोठी झाली. "पदपथ उद्यानासमोरचा कठडा, इथून दिसणारं पाणी आणि मागची चार झाडं" ही जागा झाली.

सामान

वही, पेन्सिल आणि घड्याळ. पेन्सिल यासाठी की आपल्याकडच्या पावसात पेनाची शाई पसरते. दुर्बीण पहिले तीन महिने घेऊ नका. घेतलीत तर ८ × ४२ ची घ्या: आठपट मोठं दिसतं आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर असल्यानं पहाटेच्या कमी उजेडातही चित्र स्वच्छ येतं. दहापट किंवा त्याहून मोठी घेऊन हौस करणारे भेटतात, पण हात थरथरला की तिच्यातून काही धड दिसत नाही. कॅमेऱ्याची गरज नाही, खिशातला मोबाईल पुरतो.

पहिली पंधरा मिनिटं

आता मुख्य काम. सकाळी सूर्य उगवल्यावर तासाभराच्या आत ठरलेल्या जागी उभे राहा. वहीत चार गोष्टी आधी लिहा: तारीख, सुरुवातीची वेळ, जागा, सोबत किती माणसं. मग पंधरा मिनिटं जो पक्षी दिसेल किंवा ऐकू येईल आणि ओळखता येईल, तो प्रत्येक लिहायचा. कावळा, साळुंकी आणि पारवा आधी. कबुतराला लाजायचं नाही.

या पंधरा मिनिटांत काय होतं ते एका सकाळचं सांगतो. कठड्याखाली केंदाळाच्या कडेला मातकट रंगाचं काहीतरी बसलेलं. दगडच वाटावा. मान आखडून, चोच पाण्याकडं रोखून. वहीत "बगळा?" असं लिहून मी पुढं बघू लागलो, इतक्यात एका कुत्र्यानं कठड्यावर उडी मारली आणि तो दगड उडाला. उडाला तो पांढराशुभ्र. पंख मिटलेले असताना मातीच्या रंगाचा आणि उघडले की दुधासारखा, हा ढोकरी, वंचकही म्हणतात त्याला. पुढं घाटाच्या पायरीवर दोन पांढरे बगळे होते. एकाची चोच पिवळी, तो गायबगळा. दुसऱ्याची चोच काळी, पाय काळे, पण पाण्यातून पाऊल उचललं की बोटं पिवळी. तो छोटा बगळा. "पांढरा बगळा" हा एक पक्षी नाही, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी, रोज ज्या कठड्यावरून जात होतो तिथं कळलं.

मोजणीचं तंत्र शिकून घ्या. वीसपर्यंत पक्षी एकेक करून मोजता येतात. थवा मोठा असेल तर आधी दहा पक्षी मोजा, दहांनी केवढी जागा व्यापली ते डोळ्यात भरा, आणि तेवढे तुकडे पूर्ण थव्यावर किती बसतात ते पाहा. तेरा तुकडे बसले तर १३० लिहा. अंदाज चुकला तरी तो "बऱ्याच" पेक्षा शंभर पटींनी बरा. घारी गोल गोल फिरतात आणि तीच घार तीनदा मोजली जाते. त्यासाठी एका क्षणी नजरेत एकदम जास्तीत जास्त किती दिसल्या, तो आकडा धरावा.

ओळख पटली नाही तर? तसंच लिहा. पाणकावळ्यांत लहान आणि मोठा यांचा घोळ लांबून सुटत नाही. "पाणकावळा, कोणता ते नक्की नाही, ४" ही प्रामाणिक नोंद झाली. अंदाजानं नाव ठोकून देणं ही या छंदातली खरी चोरी.

मध्ये कुणीतरी विचारणारच, "काय हुडकालायसा?" त्यांना दुर्बीण किंवा वही दाखवा, दोन मिनिटं बोला. पण घड्याळ चालूच ठेवा. पंधराची वीस झाली तर वीस लिहा.

वहीतून ईबर्डवर

वहीतली यादी जगाच्या कामी यायची तर ती ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर जायला हवी. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेनं २००२ साली ते सुरू केलं. ॲप फुकट आहे, नेटवर्क नसलं तरी चालतं, नोंद नंतर पाठवता येते. एका जागी उभं राहून केलेली मोजणी असेल तर "स्थिर", चालत केली असेल तर "प्रवासी" अशा अर्थाचे पर्याय आहेत. शेवटी ते एक प्रश्न विचारतं: ओळखता आलेल्या सगळ्या जाती तुम्ही लिहिल्या आहेत का? याचं उत्तर खरं "हो" असेल, तरच "हो" म्हणा. यादी पूर्ण आहे असं तुम्ही सांगितलंत की यादीत जे नाही ते तुम्हाला तिथं आढळलं नाही, असा अर्थ निघतो. म्हणजे न लिहिलेल्या प्रत्येक पक्ष्यापुढं एक शून्य बसतं. माझ्या पहिल्या वर्षीच्या वह्या इथंच बाद झाल्या.

या शून्यांची किंमत बघायची असेल तर भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरचा २०२३ चा अहवाल बघावा. ३०,००० हून अधिक पक्षिनिरीक्षकांनी ईबर्डवर टाकलेल्या सुमारे ३ कोटी नोंदींवरून त्यात ९४२ जातींचा आढावा घेतला आहे, आणि १७८ जातींकडं तातडीनं लक्ष द्यायला हवं असं म्हटलं आहे. मोर आणि कोकिळ वाढलेले दिसले. पण तारांवर बसणारा आपला नीळपंख, म्हणजे चास, तो मात्र घटला आहे. ज्याच्याकडं "नेहमीचाच" म्हणून कुणी पाहत नव्हतं, तो पक्षी. नोंदी करणाऱ्यांत नोकरदार, शिक्षक, गृहिणी, निवृत्त माणसं होती. तुमच्या-माझ्यासारखीच.

एखादी नोंद वेगळी असली, म्हणजे इथं सहसा न दिसणारा पक्षी किंवा फार मोठी संख्या, तर ॲप तपशील विचारतं. पुढं एखादा स्वयंसेवक परीक्षक पत्रही पाठवतो. पहिल्यांदा मला असं पत्र आलं तेव्हा मी चिडलो होतो, आपल्यावर अविश्वास दाखवतायत म्हणून. नंतर फोटो नीट पाहिला तर चूक माझीच होती. नोंद दुरुस्त करता येते, त्यात कमीपणा नाही.

मर्लिन नावाचं आणखी एक ॲप आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सुचवतं. शिकायला फार छान आहे, पण त्यानं सुचवलं म्हणून यादीत घालू नका. आधी स्वतः तो पक्षी शोधा, निदान आवाज तरी ओळखीचा करून घ्या. आमच्या गल्लीत एकदा रिक्षाच्या हॉर्नपुढं त्यानं एका पक्ष्याचं नाव लावलं होतं.

एक झाड दत्तक घ्या, कागदपत्रांशिवाय

पक्षी उडून जातात याचा ज्यांना वैताग येतो, त्यांच्यासाठी झाडं आहेत. सीझनवॉच हा झाडांच्या ऋतुचक्राची नोंद करणारा भारतीय उपक्रम. एक झाड निवडायचं, जात आणि ठिकाण एकदा नोंदवायचं, आणि दर आठवड्याला तेच झाड बघायचं: कोवळी पानं, जून पानं, कळ्या, फुलं, कच्ची फळं, पिकलेली फळं. प्रत्येकापुढं तीनच उत्तरं: नाही, थोडं, भरपूर. झाडाच्या एकतृतीयांशापेक्षा कमी भागावर असेल तर थोडं, जास्त असेल तर भरपूर. दोन मिनिटांत काम होतं. गुडघे दुखणाऱ्यांना, पहाटे उठणं न जमणाऱ्यांना यापेक्षा सोयीचं काही नाही.

झाड कोणतं घ्यावं? बहावा घ्या. वर्षातले अकरा महिने त्याच्याकडं कुणी बघत नाही आणि उन्हाळ्यात पिवळे घोस लटकले की सगळे मोबाईल काढतात. ते घोस नेमके कोणत्या आठवड्यात सुरू झाले, हे मात्र कुणालाच सांगता येत नाही. तुम्हाला येईल. आंबा, चिंच, करंज, जांभूळ, ताम्हण हेही चांगले. ताम्हण तर राज्याचं फूल, आणि ते ओळखता न येणारे कितीतरी भेटतात. झाड दारातलं, ऑफिसच्या फाटकाजवळचं, बसथांब्यावरचं घ्या. झाडापाशी तुम्ही मुद्दाम जायचं नाही, रोजच्या वाटेवर ते तुम्हाला भेटलं पाहिजे.

माझा करंज एका फेब्रुवारीत अर्धा जवळजवळ निष्पर्ण आणि अर्धा कोवळ्या चकचकीत पालवीचा होता. उजव्या फांद्या एका ऋतूत, डाव्या दुसऱ्या. मी गोंधळलो, कारण वहीत एकच खूण करायची होती. मग कळलं की दोन्ही लिहायचं: जून पानं थोडी, कोवळी पानं भरपूर. झाडानं आपल्या तक्त्यात बसावं असा काही करार झालेला नसतो.

बाकी सगळ्या जिवांसाठी: आयनॅचरलिस्ट

किडे, कोळी, बुरशी, गवत, बेडूक, जे दिसेल त्याचा फोटो आयनॅचरलिस्टवर टाकता येतो. संगणक नाव सुचवतो, मग जगभरातली माणसं त्यावर मत देतात. तारीख, जागा आणि फोटो असेल, जीव मोकळ्यावरचा असेल आणि ओळख देणाऱ्यांपैकी दोनतृतीयांशांहून जास्त जणांचं (किमान दोघांचं) जातीवर एकमत झालं, तर ती नोंद "संशोधन दर्जा"ची ठरते. अशा नोंदी पुढं जागतिक जैवविविधता माहिती भांडाराकडंही जातात.

फोटो चांगला म्हणजे सुंदर नव्हे. फुलपाखराचे पंख वरून आणि खालून, दोन्ही हवेत. झाडाचं पान, खोडाची साल, फूल असे तीन फोटो. बुरशीची छत्री उलटून नाही, वाकून खालून. किड्याच्या शेजारी बोट किंवा नाणं ठेवलं की आकार कळतो. आणि एक घोडचूक टाळा: कुंडीतला गुलाब, सोसायटीतली जास्वंद, रस्त्याकडेला लावलेला गुलमोहर यांच्या नोंदीवर "लावलेलं" अशी खूण करायची असते. मी सुरुवातीला आमची अख्खी बाग जंगली म्हणून टाकली होती. गुलमोहर मुळात मादागास्करचा. रुईकरसारख्या कॉलनीत तो आपोआप उगवला असं म्हटल्यावर लोक हसणारच.

कुंडीतलं लिंबाचं रोप मात्र सोडू नका. त्याच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा काळा-पांढरा ठिपका दिसला तर पुसू नका. ती लिंबाळी फुलपाखराची अळी असण्याची शक्यता मोठी. चार-पाच दिवसांत तीच हिरवी होते, आणि डिवचली तर डोक्यामागून दोन लालसर शिंगं बाहेर काढून घाणेरडा वास सोडते. आमच्या घरी हे पाहून झाल्यावर अळीनं कढीपत्त्याचीही तीन पानं खाल्ली म्हणून होणारी कुरकुर थांबली. अंडं, अळी, कोष, फुलपाखरू, प्रत्येकाची तारखेसह नोंद करा. एका कुंडीवर महिनाभराचं काम झालं. नशीब चांगलं असेल तर त्याच रोपावर राणी पाकोळीही अंडी घालते. ते महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू, २०१५ सालापासून.

काही गोष्टी करायच्या नाहीत

घरट्याचे फोटो काढू नका आणि जागा कुणाला सांगू नका. आपण घरट्याकडं जातो ती वाट कावळा बघत असतो. दुर्मीळ जीव दिसला तर आयनॅचरलिस्टवर जागा अंधूक ठेवायची सोय आहे, ती वापरा. तुमचं घर नोंदींवरून कळू नये म्हणूनही तीच वापरा. घुबड जवळ यावं म्हणून मोबाईलवर त्याचा आवाज वाजवू नका. साप दिसला तर लांबून फोटो, तोही नाही जमला तर नाही. आणि शहराकडं गवा आला तर गर्दीत जाऊन नोंद करायची हौस नको, वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा. गर्दीनं बुजलेला गवा माणसं मारतो.

उसाच्या बांधावर जाणार असाल तर शेतकऱ्याला विचारून जा. एकदा ओळख झाली की तेच फोन करून सांगतात, "या, तुमचं पाखरू आलंय."

सोबत आणि हंगाम

एकट्यानं सहा महिने टिकणं अवघड, हे खरं आहे. दोघं-तिघं असतील तर एकानं बघायचं, एकानं लिहायचं, आणि यादी एकच करून ईबर्डवर सगळ्यांना वाटून घ्यायची. रंकाळ्यावरून गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला जायचं ठरलं की हजेरी आपोआप वाढते.

वर्षात काही ठरलेले दिवस आहेत. फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षिगणना होते, पंधरा मिनिटांची एक यादीसुद्धा त्यात चालते, आणि भारत २०१३ पासून त्यात आहे. नोव्हेंबरात ५ ते १२ तारखेला राज्याचा पक्षी सप्ताह असतो: मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. सप्टेंबरात फुलपाखरांची नोंद करा, पावसाची उघडीप आणि फुलं दोन्ही असतात. पण हे दिवस म्हणजे जत्रा. खरं काम मधल्या रिकाम्या मंगळवारी होतं.

पावसाळ्यातलं शून्य

राहिला एक बारकावा, तो मला महापुरानं शिकवला. २०१९ च्या ऑगस्टात बंधाऱ्यावरचं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि माझी नदीकाठची जागा पंधरवडाभर पाण्याखाली होती. पाणी ओसरल्यावर मी वही काढली आणि गेलेल्या दोन्ही आठवड्यांपुढं सगळ्या पक्ष्यांना शून्य लिहीत सुटलो. टिटवी ०, धोबी ०, शेकाट्या ०. अर्ध्यात हात थांबला. मी तिथं गेलोच नव्हतो. टिटवी नव्हती की मी नव्हतो? शून्य म्हणजे गेलो, पंधरा मिनिटं उभा राहिलो, आणि दिसली नाही. न गेल्याची खूण वेगळी हवी. ते आकडे खोडून मी तिथं एक आडवी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं: "पूर. जाता आलं नाही." तेव्हापासून आजारपण, लग्नसराई, ऑफिसचा मार्चएंड, जे असेल त्याची वहीत रेघ असते. तिसऱ्या आठवड्यात चिखल तुडवत गेलो, वीस मिनिटं थांबलो. टिटव्या २, कावळे ११, शेकाट्या ०. हे शून्य मात्र तसंच ठेवलं आहे.